लेण्याद्रीची पोढी : देव न मानणाऱ्याचा धर्म आणि अध्यात्म

१/
‘मी धार्मिक नाही, पण आध्यात्मिक आहे’ हे वाक्य आज मराठी घरांत सर्रास ऐकू येते. त्यावर विवेकवादी विचारतो, देवच मानत नाही तर अध्यात्म कशाचे? श्रद्धावान विचारतो, धर्म सोडल्यावर ते अध्यात्म उभे तरी कशावर राहणार? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र ते आजचे नाहीत. जुन्नर आणि आंबेगाव या पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांत या प्रश्नांशी माणसे दोन हजार वर्षे झुंजत आली आहेत, आणि त्यांच्या खुणा कातळात, गावकथेत, कज्ज्यात आणि रानात शिल्लक आहेत. आजचा धागा त्या खुणांवर. लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
आधी शब्द नीट लावून घेऊ. ‘नास्तिक’ म्हणजे देव न मानणारा, हा अर्थ आपल्याला स्वयंसिद्ध वाटतो. जुन्या ग्रंथांत तो तसा नाही. पाणिनीच्या सूत्राचा टीकाकारांनी लावलेला अर्थ असा, की ‘परलोक आहे’ अशी ज्याची मती तो आस्तिक, आणि ‘नाही’ अशी ज्याची मती तो नास्तिक. मनुस्मृती वेदाची निंदा करणाऱ्याला नास्तिक ठरवते. दोन्ही व्याख्यांत ईश्वराचे नाव नाही. पूर्वमीमांसेने तर जगाचा कर्ता ईश्वर नाकारला, तरी वेदप्रामाण्य मानल्यामुळे ती आस्तिक दर्शनांतच गणली गेली.

३/
‘धर्म’ शब्दाचेही तसेच. धारण करणारे ते धर्म, ही व्युत्पत्ती सर्वांना ठाऊक आहे. अशोकाने ‘धम्म’ म्हणून जे सांगितले त्यात मातापित्यांची सेवा, प्राण्यांविषयी दया, दुसऱ्या पंथांचा आदर यांवर भर आहे. कंदाहार येथे त्याचा जो ग्रीक लेख सापडला, त्यात धम्मासाठी ‘युसेबिया’ हा शब्द योजला आहे. पूज्यांविषयीचा आदर, असा त्याचा स्थूल अर्थ. म्हणजे अमुक देव, अमुक ग्रंथ, अमुक समाज अशी चौकट या शब्दाला तेव्हा नव्हती.

४/
आणि ‘अध्यात्म’? आत्म्यासंबंधीचे ते अध्यात्म, हा रूढ अर्थ. गीतेच्या आठव्या अध्यायात ‘स्वभाव’ म्हणजे अध्यात्म, अशी व्याख्या येते. बौद्धांनी नित्य आत्मा नाकारला. मग त्यांच्याकडून हा शब्द बाद व्हायला हवा होता. तसे झाले नाही. पालीत तो ‘अज्झत्त’ या रूपाने टिकला, आणि त्याचा अर्थ झाला ‘स्वतःच्या आत’. श्वासाकडे, वेदनेकडे, मनात उठणाऱ्या वृत्तींकडे आत पाहणे. आत्मा गेला, तरी आत पाहणे उरले. देव न मानणाऱ्याने हा मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

५/
या धाग्यापुरती कामचलाऊ व्याख्या अशी : माणसे एकत्र येऊन जे करतात, विधी, दान, हक्क, वास्तू, सण, सुतक, तो धर्म. एखादा माणूस स्वतःच्या मनाशी जे करतो ते अध्यात्म. देव या दोहोंत असू शकतो. दोहोंत नसूही शकतो. आता जुन्नरला जाऊ.

६/
कोकणातून घाटमाथ्यावर येणाऱ्या व्यापारी मार्गांपैकी एक नाणेघाट. कल्याण बंदरातून निघालेला माल या घाटाने चढून जुन्नरला येई आणि पुढे पैठणकडे जाई. घाटाच्या तोंडाशी जी गुहा आहे, तिच्या भिंतींवर सातवाहनांचा प्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे. बहुतेक अभ्यासक तो इ.स.पूर्व पहिल्या शतकातला मानतात. कर्नल साइक्सने १८२८ मध्ये त्याची नोंद केली. पहिल्या सातकर्णीची राणी नागनिका हिच्याशी तो जोडला जातो. ज्या पुतळ्यांखाली राजघराण्यातील नावे कोरली होती ते पुतळे आज नाहीत; नावे मात्र वाचता येतात.

७/
लेखाच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. पुढे यज्ञांची यादी येते : अग्न्याधेय, राजसूय, अश्वमेध. प्रत्येकासोबत दक्षिणेचा हिशेब : हजारो गाई, घोडे, हत्ती, कार्षापण. ब्राह्मी अंकांचे अगदी जुने नमुने याच हिशेबात सापडतात, म्हणून गणिताच्या इतिहासातही या गुहेला मान आहे. धर्माचा हा अगदी शुद्ध सार्वजनिक चेहरा होय : जे केले ते मोजले, जे मोजले ते कोरले, आणि कोरले ते वाटसरूंना दिसेल अशा जागी.

८/
पण त्याच लेखात, त्याच भिंतीवर, राणीचे वर्णन निराळ्या शब्दांत आले आहे. महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीसारखी वागणारी, ब्रह्मचर्य पाळणारी, व्रत आणि यज्ञ यांत निष्णात. अश्वमेधाच्या हिशेबाला लागून ही घरातली तपश्चर्या कोरली आहे. धर्म बाहेरचा आणि अध्यात्म आतले, अशी जी सरळ रेघ आपण आज ओढतो, ती या लेखाला ठाऊक नाही. उलट आतल्या गोष्टीचीही सार्वजनिक नोंद व्हावी, असे कोरवून घेणाऱ्याला वाटले आहे.

९/
घाटाकडून पूर्वेला जुन्नरच्या सभोवतालच्या डोंगरांत शिरले, की चित्र पालटते. लेण्याद्री, शिवनेरी, तुळजा, मानमोडी या डोंगरांत मिळून दोनशेच्या आसपास कोरीव लेणी आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी असणे भारतातही दुर्मीळ. ती प्रामुख्याने बौद्ध भिक्षूंसाठी कोरली गेली, म्हणजे मनूच्या व्याख्येने पाहिले तर ‘नास्तिकां’साठी. वेदाचे प्रामाण्य नाही, सृष्टीचा कर्ता नाही, नित्य आत्मा नाही. आणि तरी डोंगरच्या डोंगर पोखरून साधनेच्या खोल्या.

१०/
येथे एक खबरदारी घ्यायला हवी. हे भिक्षू आजच्या अर्थाने इहवादी नव्हते. पुनर्जन्म, कर्मविपाक, इंद्रादी देवता हे सारे त्यांच्या विश्वात होते. पण त्या देवता स्वतःच जन्ममरणात अडकलेल्या होत्या; त्यांना शरण गेल्याने माणूस सुटत नसे. जग शाश्वत की अशाश्वत, या प्रश्नावर बुद्धाने विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त दिला. बाण कोणी मारला, त्याची जात कोणती, धनुष्य कोणत्या लाकडाचे, हे कळेपर्यंत बाण काढू न देणारा माणूस मरून जाईल. आधी बाण काढा. या विचारात देव नाकारण्याचा अभिनिवेश नाही; तो प्रश्न बाजूला ठेवण्याची निकड आहे.

११/
लेण्याद्रीचे सातवे लेणे पाहू. मोठे, आत एकही खांब नसलेले दालन आणि त्याच्या तीन बाजूंना वीस खोल्या. एवढ्या कातळाचे छत आधाराविना तोलले आहे. खोली म्हणजे जेमतेम एक माणूस मावेल एवढी पोकळी. कित्येक ठिकाणी बाजूला दगडी ओटा. कोनाडा नाही, मूर्ती नाही, चित्र नाही. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूने एका जागी राहावे, हा वर्षावासाचा नियम. जुन्नरचा पाऊस, बाहेर धुके आणि आत हा ओटा. देवाशिवायचे अध्यात्म कसे दिसते, असे कोणी विचारले तर ही खोली दाखवावी.

१२/
या खोल्यांत बसलेल्यांपैकी कोणीही तेथे आपला अनुभव कोरून ठेवलेला नाही. जुन्नरच्या लेण्यांत तीसहून अधिक शिलालेख आहेत. त्यांत ध्यानाचे वर्णन नाही, साक्षात्काराचा दावा नाही, मनःशांतीचा उल्लेखही नाही. मग लिहिले आहे काय? कोणी काय दिले, ते.

१३/
लेण्याद्रीचे सहावे लेणे म्हणजे चैत्यगृह. त्यावरचा लेख सांगतो, की ते कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे दान आहे. हेरणिक म्हणजे सोनार किंवा सराफ. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिली. दुसऱ्या लेखात बांबूचे काम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींची नोंद आहे. आणखी एका लेखात झाडांसाठी निवर्तनांत मोजून दिलेल्या जमिनी आहेत. धर्मोत्तरीय शाखेच्या भिक्षुणींच्या नगरातील निवासाचाही उल्लेख येतो; म्हणजे साधनेचा हा खटाटोप केवळ पुरुषांचा नव्हता.

१४/
दात्यांत परदेशी आहेत. चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. इरिल या यवनाने दोन पोढ्या दिल्या. चंद नावाच्या यवनाने लेण्याच्या दर्शनी भागाचे दान केले. हे लोक मूळचे ग्रीक असोत वा पश्चिमेकडून आलेले दुसरे कोणी; त्यांची भाषा वेगळी, देव वेगळे, अंत्यविधी वेगळे. भिक्षूंच्या जेवणाची आणि पाण्याची सोय करताना त्यांना हे वेगळेपण आड आले नाही.

१५/
मानमोडीच्या डोंगरात आणखी एक लेख आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम, वत्स गोत्राचा, याने वर्ष ४६ मध्ये पोढी आणि मंडप दिल्याची ही नोंद. धनी शक, अमात्याचे गोत्र वैदिक परंपरेतले, दान बौद्ध संघाला. अयमाची स्वतःची श्रद्धा काय होती, हे या ओळींवरून ठरवता येत नाही. ठरवण्याची गरज त्यालाही वाटली नसावी. त्याने पाणी दिले.

१६/
‘पोढी’ हा शब्द या लेखांत पुन्हापुन्हा येतो. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. पावसाचे पाणी पन्हाळीतून तिच्यात उतरते आणि उन्हाळ्यापर्यंत पुरते. पोढी नसेल तर डोंगरावरच्या खोलीत कोणी राहू शकत नाही, आणि राहू शकला नाही तर आत पाहूही शकत नाही. सराफ, धान्यवाले, कासार, यवन, अमात्य यांनी मिळून उभे केले ते धर्माचे अंग; त्या आधारावर एकट्याने केले ते अध्यात्म. पहिल्याची नोंद राहिली, दुसऱ्याची राहिली नाही. पण पहिल्याशिवाय दुसरे घडलेच नसते.

१७/
पुढे भिक्षू गेले आणि खोल्या रिकाम्या झाल्या. डोंगर मात्र रिकामे राहिले नाहीत. लेण्याद्रीच्या त्याच सातव्या लेण्यात मागच्या भिंतीच्या मध्यावर आज गिरिजात्मज गणपती आहे, अष्टविनायकांपैकी एक. मानमोडीच्या एका गटात जैनांची अंबिका आली, आणि तो गट तिच्याच नावाने ओळखला जातो. बारा खांबांचे वर्तुळाकार चैत्यगृह हे तुळजा लेण्यांचे वैशिष्ट्य. त्या डोंगराला नाव मिळाले ते तेथे स्थापन झालेल्या तुळजाभवानीचे. ध्यानाचे घर पूजेचे घर झाले. कोणाला यात अतिक्रमण दिसते, कोणाला सातत्य. इतिहासाच्या विद्यार्थ्याला एवढेच दिसते, की माणसांना चढून जायला, थांबायला आणि वर पोचल्यावर गप्प व्हायला जागा लागते. देव बदलले, पायऱ्या त्याच राहिल्या.

१८/
आता मध्ययुगात येऊ. जुन्नर तालुक्यातील आळे गावी रेड्याची समाधी आहे. पैठणच्या ब्रह्मसभेत ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखाने वेद वदवले, तो रेडा आळंदीच्या वाटेवर येथे समाधिस्थ झाला, असे परंपरा सांगते. रेडा वेद बोलला, हे नास्तिक मानणार नाही, आणि त्याने मानावे असा आग्रहही नको. पण या कथेत पणाला काय लागले आहे ते पाहावे. संन्याशाची मुले शुद्धिपत्र मागायला गेली होती. प्रश्न होता तो हक्काचा : ज्ञानावर अधिकार कोणाचा, आणि तो ठरवणार कोण?

१९/
कथेचे उत्तर असे, की ज्या ज्ञानासाठी सभा जन्म तपासते, ते ज्ञान पखाली वाहणाऱ्या जनावराच्याही तोंडी असू शकते. सभेच्या शिक्क्यापेक्षा अनुभव मोठा, हे सांगायला लोकांनी रेडा निवडला आणि शतकानुशतके त्याची समाधी सांभाळली. चमत्कार काढून टाकला तरी कथेचा रोख तसाच राहतो. मात्र गंमत अशी, की शिक्का नाकारणाऱ्या कथेचेही पुढे देऊळ झाले, यात्रा सुरू झाली, व्यवस्था लागली. अनुभव टिकवायचा तर त्याला धर्माचे घर लागते, हे येथेही दिसते.

२०/
आळ्याहून ओतूर फार लांब नाही. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी ओतूरला आहे, अशी वारकरी परंपरा आहे. तुकोबांना गुरूचा उपदेश स्वप्नात झाला. ना मठ, ना दीक्षेचा विधी, ना साक्षीदार. गुरूंनी जेवणासाठी पावशेर तूप मागितले आणि तेही द्यायचे राहून गेले, असे तुकोबाच सांगतात. दक्षिणेचा व्यवहारही पुरा न झालेली ही दीक्षा वारकरी परंपरेने सर्वोच्च मानली. नाणेघाटातल्या हजारो गाईंच्या हिशेबाशेजारी हे विसरलेले पावशेर तूप ठेवून पाहावे.

२१/
याच ओतूरमध्ये एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाने कज्ज्याचे रूप घेतले. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात भटजीशिवाय पहिला सत्यशोधक विवाह लागला. ही प्रथा खेड्यांत पोचली तशी ग्रामजोशांच्या वतनाला धक्का बसू लागला. ओतूरचे बाळाजी कुसाजी पाटील यांनी घरची लग्ने जोशाला डावलून लावली. जोशाने आपल्या हक्काच्या उत्पन्नासाठी दावा लावला आणि प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले.

२२/
या दाव्यातला मूळ प्रश्न बारकाईने पाहण्यासारखा आहे. देव आहे की नाही, हे कोणी विचारत नव्हते. फुले स्वतः निरीश्वरवादी नव्हते. ‘निर्मिक’ या नावाने त्यांनी सृष्टिकर्ता मानला, आणि त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ या ग्रंथात एक धर्मच मांडला. प्रश्न होता, दोन माणसांनी एकमेकांना दिलेल्या वचनाला तिसऱ्याची, तीही जन्माने ठरलेल्या तिसऱ्याची, दलाली लागते काय? लेण्यांतल्या भिक्षूंनी देवाचा प्रश्न बाजूला ठेवून संघ राखला होता. फुल्यांनी देव राखून मध्यस्थ दूर सारला. दोघांनीही विधी मात्र पुरता टाकला नाही. सत्यशोधक लग्नात मंगलाष्टके होती, ती मराठीत आणि नव्या अर्थाची.

२३/
त्याच काळात पुण्यात गोपाळ गणेश आगरकर होते. ईश्वराविषयी त्यांची भूमिका अज्ञेयवादी. १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढले आणि बुद्धीला जे पटेल ते बोलायचे व आचरायचे, हा बाणा चालवला. विरोधकांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. दम्याने खंगलेल्या शरीराने त्यांनी १८९५ पर्यंत हे काम केले. देवाचा आधार नाही, परलोकाचे आश्वासन नाही, समाजाची शाबासकी नाही. अशा स्थितीत माणूस कशाच्या बळावर उभा राहतो? त्या बळाला अध्यात्म म्हणायचे की नाही, यावर वाद होईल. आगरकरांना स्वतःला कदाचित ते नाव रुचले नसते. पण ‘स्वभाव’ या गीतेतल्या अर्थाने पाहिले तर ते नाव फार लांबचे नाही.

२४/
आता आंबेगाव. तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कड्यावर आहुपे गाव आहे. भीमाशंकरच्या या डोंगराळ पट्ट्यात महादेव कोळी समाजाची जुनी वस्ती आहे, आणि जागोजाग देवराया आहेत. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. तेथे कुऱ्हाड चालवायची नाही. अनेक ठिकाणी वाळके लाकूडही उचलायचे नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला आणि त्या राखल्या जाव्यात म्हणून कळकळीने लिहिले. १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले. शेकरूचे ते घर आहे.

२५/
देव न मानणाऱ्यापुढे देवराई एक अवघड पेच टाकते. रान राखले ते देवाच्या धाकाने. धाक गेला तर रान कोण राखणार? ‘मला झाडांविषयी आतून ओढ वाटते’ हे उत्तर खरे असेल, पण त्याने कुऱ्हाड थांबत नाही. गावाने ठरवलेला, पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला, मोडला तर दंड असलेला नियम कुऱ्हाड थांबवतो. ज्या दिवशी धाक विरतो आणि त्याच्या जागी दुसरा सामाईक नियम येत नाही, त्या दिवशी रान उघडे पडते. अध्यात्म एकट्याच्या मनात जिवंत राहू शकते. रान तसे राहू शकत नाही.

२६/
आणि याच तालुक्यात माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी अतिवृष्टीत डोंगराचा कडा खाली आला आणि जवळजवळ अख्खे गाव गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. असे संकट पाहून देवावरचा विश्वास उडालेली माणसे असतात, आणि त्याच संकटात देवाला अधिक घट्ट धरणारीही असतात. दोघांनाही दुसऱ्या दिवशी तेच करावे लागते : अंत्यविधी, दिवस, स्मरण. दुःख इतके मोठे असते, की त्याला एकट्याच्या मनात मावायला जागा नसते. काय करायचे, कुठे बसायचे, किती दिवस बसायचे, हे कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असावे लागते. धर्माचे हे काम नास्तिकाने हलके लेखू नये. त्याला श्राद्ध पटत नसेल. शोकाला आकार लागतो, हे नाकारता येत नाही.

२७/
माळीणला आज स्मृतिस्तंभ आहे आणि दरवर्षी ३० जुलैला तेथे गेलेल्यांना श्रद्धांजली वाहिली जाते. त्या स्तंभापाशी उभे राहायला कोणत्याही देवावर विश्वास असावा लागत नाही. नसावा, अशीही अट नाही. अशा जागा आपल्याकडे थोड्या आहेत. आपण देव नाकारण्यात जेवढी बुद्धी खर्चतो, त्याच्या चौथाईनेही असे विधी आणि अशा जागा उभारण्यात खर्चत नाही. पुण्यातून महाराष्ट्रभर फिरलेल्या नरेंद्र दाभोलकरांना याची जाण होती. लोकांच्या श्रद्धेला तुच्छ न लेखता शोषणाशी लढण्याची रीत त्यांनी आग्रहाने पाळली. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाला.

२८/
या साऱ्याचा सर्वांत नेमका उलगडा ज्याने केला, त्याच्याकडे शेवटी येऊ. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये मूळ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी धर्म आणि धम्म यांत जो भेद केला, तो आजच्या समजुतीच्या नेमका उलट आहे. आपण म्हणतो, धर्म म्हणजे समाजाचे बंधन आणि अध्यात्म म्हणजे व्यक्तीची मोकळीक. म्हणून दुसरे श्रेष्ठ. बाबासाहेबांचे प्रतिपादन असे, की धर्म ही व्यक्तीची खासगी बाब समजली जाते, धम्म मात्र मुळातच सामाजिक आहे. एकटाच माणूस असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसे एकमेकांच्या संबंधात आली, की धम्माला पर्याय नाही.

२९/
म्हणजे देव काढून टाकल्यावर उरते ते केवळ माझ्या मनाची शांती नव्हे. उरतो तो शेजारच्या माणसाशी मी कसा वागतो, हा प्रश्न. ज्याला पाणवठ्यावर पाणी नाकारले गेले, ज्याने १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळ भरली, त्या पुढाऱ्याने अध्यात्माला खासगी मानणे शक्यच नव्हते. लेण्याद्रीची पोढी आणि महाडचे तळे यांत अठराशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. दोन्हीकडे प्रश्न तोच : पाणी कोणी दिले, आणि ते कोणाला पिता येते?

३०/
सारांश. नास्तिकासाठी अध्यात्म शक्य आहे काय? जुन्नरच्या खोल्या सांगतात, होय. कर्ता ईश्वर आणि नित्य आत्मा न मानता माणसांनी आयुष्ये वेचून ती साधना केली. नास्तिकाने धर्म टाकावा काय? त्यातला जन्मावर बसवलेला हक्क टाकावा. ओतूरच्या पाटलांनी तो टाकून दाखवला. पण धर्माने जी सामाईक कामे अंगावर घेतली होती, पाणी साठवणे, रान राखणे, लग्नाला साक्षी होणे, मेलेल्यांना निरोप देणे, ती टाकता येत नाहीत. ती अंगावर घेणारा कोणीतरी दुसरा उभा करावा लागतो. ‘मी धार्मिक नाही, पण आध्यात्मिक आहे’ असे म्हणणाऱ्याला म्हणून एकच प्रश्न विचारावा : तुमची पोढी कोणती?

३१/
लेण्याद्रीला जाल तेव्हा सुमारे तीनशे पायऱ्या चढून वर पोचल्यावर गणपतीचे दर्शन घ्यायचे असेल तर अवश्य घ्यावे. नसेल तर रिकाम्या खोल्यांपैकी एकीत घटकाभर बसावे. उतरण्यापूर्वी लेण्यांच्या बाहेर कोरलेली पाण्याची टाकी पाहावीत. बहुतेकजण त्यांच्याकडे न पाहताच पुढे जातात. ज्यांनी ती दिली त्यांतल्या कित्येकांची श्रद्धा काय होती, हे आपल्याला कधीच कळणार नाही. पावसाळ्यात त्यांत आजही पाणी साठते.

धागा समाप्त.